शीतकाळ, जुनी वास्तू आणि ऊब

जुन्या प्रार्थनामंदिरांत थंडीच्या दिवसांत ऊब कशी राखावी, हा प्रश्न इंग्लंडमधील धर्मसंस्थांपुढे गेली काही वर्षे ठाकला आहे. चर्च ऑफ इंग्लंडच्या महासभेने फेब्रुवारी २०२० मध्ये कर्बउत्सर्जन २०३० पर्यंत निव्वळ शून्यावर आणण्याचा ठराव केला. पाठोपाठ २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे युरोपात गॅसचे दर कडाडले. सुमारे १६ हजार चर्च, त्यांतील बहुसंख्य वारसा म्हणून संरक्षित, आणि कित्येक ठिकाणी प्रार्थना आठवड्यातून एकदाच. त्या एका तासासाठी सारी इमारत तापवावी काय?

आम्हांस हा प्रश्न परका वाटत नाही. ग्वाल्हेरीस पौष-माघात पारा कधी कधी पाच अंशांखाली उतरतो आणि पहाटेच्या आरतीस येणाऱ्या वयोवृद्ध भाविकांचे हाल होतात. सभामंडप काचेने बंद करून हीटर बसवावेत, अशी सूचना मग हमखास पुढे येते. तिच्यामागील कळकळ खरी असली तरी जुन्या वास्तूचा स्वभाव निराळा असतो. हात-दोन हात जाडीच्या दगडी भिंती तासाभरात तापत नाहीत. तापते ती केवळ हवा, आणि ती वर छताशी जाऊन बसते. पाच अंशांवरील दमट हवा वीस अंशांपर्यंत तापविली की तिची सापेक्ष आर्द्रता निम्म्याहून खाली येते. लाकूड आकसते, कोरीव खांबांना तडे जातात, आणि भिंतीतील क्षार पृष्ठभागी येऊन चुन्याच्या गिलाव्याचे पोपडे सुटतात. धुराडे नसलेली गॅसची शेगडी तर याहून वाईट. एक किलो गॅस जळताना सुमारे दीड किलो पाण्याची वाफ होते व ती थंड भिंतींवरच ओल धरते. बंद जागेतील कोळशाच्या शेगडीविषयी काय सांगावे! तिच्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. दर हिवाळ्यात उत्तर भारतात माणसे त्याने दगावतात.

या शतकाच्या आरंभी युरोपीय संघाच्या साहाय्याने संशोधकांनी इटलीतील आल्प्स पर्वतातील रोक्का पिएतोरे या गावच्या चर्चमध्ये निराळा मार्ग चोखाळून पाहिला. इमारत न तापविता बसणाऱ्यांच्या बाकांनाच मंद विद्युत उष्णता द्यावयाची, म्हणजे माणसास ऊब मिळते आणि कोरीव काम व भिंती आपल्या जागी थंडच राहतात. आपण देवास शाल पांघरतो, गाभारा तापवीत नाही, तत्त्व तेच.

म्हणून मंडप बंद करण्यास आमचा विरोध आहे. फरशीवर जाड सतरंज्या व घोंगड्या अंथराव्यात, वाऱ्याच्या बाजूस जाड पडदे सोडावेत, आणि ज्येष्ठांच्या बैठकीपुरत्या विजेवर तापणाऱ्या चटया घ्याव्यात. मात्र जुन्या वायरिंगला हा भार पेलेल किंवा कसे, हे परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून तपासून घेतल्याविना एकही उपकरण जोडू नये.