ॲप दीड लाखाचे, नफा चौऱ्याहत्तर रुपयांचा

रमजान ईद जवळ आली की अमरावती आणि अकोल्याहून मला एकाच प्रश्नाचे फोन येतात : “भाई, शॉपिंगचे ॲप बनवायला किती खर्च येतो?” कोणाचे इतवाऱ्यात कापडाचे दुकान असते, कोणाची बहीण घरी अबाया शिवते, कोणी नांदगाव पेठच्या घाऊक मार्केटमधून ड्रेस मटेरियल आणून विकतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, आकडा सांगणे माझे कामच. पण हा प्रश्न अर्धा आहे. बनवण्याचा खर्च एकदा होतो, चालवण्याचा दर महिन्याला. दुसऱ्याबद्दल सहसा कोणी विचारत नाही.

आधी बनवण्याचे बोलू. ‘पन्नास हजारांत फ्लिपकार्टसारखे ॲप’ असे सांगणारे भेटतील. त्या पैशात बहुधा तयार साचा मिळतो, नाव आणि रंग बदललेला. त्यात वाईट काही नाही, फक्त आपण काय घेतोय ते माहीत असावे. ग्राहकाचे ॲप, दुकानदाराला माल आणि ऑर्डर पाहण्याची सोय, पेमेंट आणि कुरिअरची जोडणी, एवढे नीट करायचे तर माझ्या अंदाजाने दीड लाखाच्या खाली जमत नाही.

आता चालवण्याचे. गुगल प्लेवर खाते उघडायला एकदाच २५ डॉलर लागतात. आयफोनसाठी ॲपलला दर वर्षी ९९ डॉलर द्यावे लागतात. प्लेवर नवे वैयक्तिक खाते असेल तर १२ जणांकडून सलग १४ दिवस ॲपची चाचणी करून घ्यावी लागते. ईदच्या आठवडाभर आधी जागे होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. शिवाय सर्व्हर, डोमेन, ओटीपीचे एसएमएस आणि अँड्रॉइडच्या नव्या आवृत्तीप्रमाणे दर वर्षी करायची दुरुस्ती. हे सगळे वर्षाला तीस हजार धरा.

आता कागद-पेन घ्या. एक ड्रेस ८०० रुपयांना विकला, खरेदी ५६० ला. हातात २४० राहिले. कुरिअर ७०, पॅकिंग १५. पेमेंट गेटवेचे दोन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १९. उरले १३६. दहापैकी दोन पार्सले परत आली, तर प्रत्येकी जाण्या-येण्याचे १४०, पॅकिंगचे १५ आणि गेटवेचे १९ असे १७४ बुडाले. आठ विक्रीचे १,०८८, त्यातून ३४८ वजा. दहा ऑर्डरमागे ७४० रुपये. एका ऑर्डरला ७४.

रोज दोन ऑर्डर आल्या तर वर्षाला ७३० होतात. त्यातल्या ४०५ ॲप चालवण्याच्या तीस हजारांतच जातात. उरलेल्या ३२५ ऑर्डरच्या नफ्यातून दीड लाख फिटायला सहा वर्षांहून जास्त लागतील. यात जाहिरातीचा एक रुपयाही धरलेला नाही, आणि तुमच्या मेहनतीचाही.

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर एका लेनचा ७५ किलोमीटरचा रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत डांबरला गेला आणि गिनीज बुकात नोंद झाली. ॲपही आजकाल झटपट बनते. फरक असा की त्या मार्गावर वाहने आधीपासून धावत होती. नव्या ॲपवर मात्र ग्राहक पैसे खर्चून आणावा लागतो.

मग ऑनलाइन विकायचेच नाही का? जरूर विका, पण ॲप शेवटी. व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग फुकट बनतो. क्यूआर कोडवर बँक खात्यातून आलेल्या यूपीआयच्या पैशावर दुकानदाराला कमिशन लागत नाही, म्हणजे ते १९ रुपये वाचले. मोठ्या बाजारपेठांच्या ॲपवर माल लावता येतो. सरकारच्या पुढाकाराने डिसेंबर २०२१ मध्ये ओएनडीसी ही संस्था स्थापन झाली, तिच्या जाळ्यात एकदा नोंदवलेला माल अनेक ॲपवर दिसू शकतो. सहा महिने एका वहीत लिहा : किती ऑर्डर, किती परत, किती ग्राहक दुसऱ्यांदा आले. जुने ग्राहक पुन्हा पुन्हा येऊ लागले आणि फोनवर ऑर्डर घेणे हाताबाहेर गेले, की ॲपची वेळ आली असे समजा. जीएसटीचेही आधीच विचारून घ्या. राज्याबाहेर माल पाठवायचा तर उलाढाल थोडी असली तरी सर्वसाधारणपणे नोंदणी लागते.

आणि बनवलेच, तर प्लेचे खाते, डोमेन आणि सोर्स कोड स्वतःच्या नावावर घ्या, तेही लेखी. नाहीतर बनवणाऱ्याने फोन उचलणे बंद केले की दुकानाला कुलूप लागते आणि चावी त्याच्याकडे राहते.

हे सगळे मी सांगतो, कारण ॲपचे पैसे कुठून येतात ते मला ठाऊक आहे. आपल्या घरांत ते अम्मीच्या बांगड्यांतून येतात, बहिणीच्या लग्नासाठी जमवलेल्या रकमेतून किंवा अब्बांनी हजसाठी बाजूला ठेवलेल्या पैशातून. शिवणारी बहीण असते, व्हॉट्सॲप नंबर भावाचा असतो आणि क्यूआर कोड चाचांच्या खात्याचा. नफा किती झाला हे तिला शेवटपर्यंत कळत नाही. दीड लाख खर्चण्याआधी फुकटात होणारे एक काम करा. शिवणारीच्या नावाने बँक खाते उघडा, तिच्या नंबरवर कॅटलॉग टाका आणि ती वही तिच्या हातात द्या. ॲप केव्हा बनवायचे, हे मग तिला विचारा. हिशेब तिच्याकडेच असेल.