अर्ध्या कोयत्याचे मत

उसाच्या फडात ‘कोयता’ म्हणजे नवराबायकोची जोडी. एकट्या माणसाला तिथे ‘अर्धा कोयता’ म्हणतात. आपल्या अंबड-घनसावंगीकडची कितीतरी जोडपी दसरा-दिवाळीनंतर साखर कारखान्यांकडे निघतात. यंदा माझे दादा-वहिनी प्रथमच निघाले आणि घरात प्रश्न उभा राहिला : ट्रॅक्टरच्या टोळीत जायचे, की बैलांची टायरगाडी घ्यायची?

टोळीत बैलांची काळजी नाही. पण रिकामा ट्रॅक्टर मध्यरात्री आला तरी उठून मोळ्या भरायच्या. टायरगाडी कारखान्याकडून भाड्याने मिळते, बैल आपले. वाढे विकून चार पैसे सुटतात. मात्र गाडी खाली करायला दादा रात्रभर कारखान्यावर रांगेत, आणि इकडे कोपीत वहिनी लेकरासह एकटी.

वहिनी म्हणाली, “गाडीच घ्या. मोत्या अन् वाघ्या संगं येतील. ते कोपीच्या दाराशी असले म्हंजी मला झोप लागंल.”

तिचेच मत ठरले. पण उचल दादाच्या हाती, सही दादाची. कागदावर तिचे नाव कुठेच नाही. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा, तशी तिची गणना!

मित्रहो, मला हे पटत नाही. २०१९ साली शासनाने ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ स्थापन केले, हे चांगलेच झाले. परंतु काम घेताना जोडी पुरी मोजता, तर करारावर दोन नावे आणि उचलीत दोन हिस्से का नकोत? कुत्र्यांच्या भरवशावर रात्र काढणाऱ्या बाईला कागदाचाही भरवसा मिळायला हवा.