फोटो कुणाला दाखवला?

सर्जापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत हौशी छायाचित्रकारांची बैठक भरते. गेल्या खेपेला एका तरुण इंजिनिअरने पाच बांधकाम मजुरांचा फोटो दाखवला. अर्धवट टॉवरखाली जेवायला बसलेली माणसं, मागे सळ्या, कडेला बादली. कृष्णधवल. पोरगा प्रामाणिक होता. ‘सुधारणा सुचवा,’ म्हणाला.

सूचनांचा पाऊस पडला. काँट्रास्ट वाढव. सुरकुत्या उठून दिसू देत. ती बादली काढून टाक, नजर तिकडेच जाते. मीही तोंड उघडलं : मधल्या बाईच्या डोळ्यांत अजून थोडी वेदना हवी होती. सगळ्यांनी माना डोलावल्या.

त्या वाक्याची आज मला लाज वाटते. वेदना हवी होती ती कुणाला? बाई घमेलं खाली ठेवून दोन घास खात होती. तिच्या वाट्याला आलेली अर्ध्या तासाची विश्रांती आम्हाला फोटोतला दोष वाटली. आणि बादली? ज्या टॉवरच्या जाहिरातीत पोहण्याचा तलाव आहे, त्याच्या पायथ्याशी पाच जणांचं पिण्याचं पाणी त्या एका बादलीत होतं. फोटोतली सर्वांत बोलकी गोष्ट आम्ही पुसायला सांगितली.

तंत्राबद्दल बोलू नये, असं माझं म्हणणं नाही. उलट आम्ही तंत्राबद्दल पुरेसं बोललोच नाही. फोटो उभ्याने काढला होता. बसलेल्या माणसाकडे उभ्याने पाहिलं की तो लहान दिसतो. लेन्स लांब पल्ल्याची, म्हणजे काढणारा रस्त्यापलीकडे होता. ‘खाली बस, जवळ जा,’ हे कुणी सुचवलं नाही. कारण जवळ गेलं की बोलावं लागतं.

यावर ठरलेला आक्षेप असा, की विचारलं तर माणसं पोज देतात, सहजपणा जातो. जाऊ दे की! लग्नातल्या फोटोआधी आपण केस विंचरतोच ना? आपण कसं दिसावं हे ठरवण्याचा हक्क गवंड्याला आणि बिगाऱ्यालाही आहे. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढले, तेही कृष्णधवल. पण ते कामाच्या जागेपासून घरापर्यंत त्यांच्यासोबत गेले. कृष्णधवल रंगात खोट नाही, खोट अंतरात आहे.

चांगला हेतूही पुरत नाही. डोरोथिया लँग यांनी 1936 साली कॅलिफोर्नियात एका स्थलांतरित मजूर आईचा फोटो काढला, नाव न विचारता. तो छापून आल्यावर त्या छावणीत अन्नाची मदत पोहोचली, तोवर ती आई तिथून निघून गेली होती. तिचा चेहरा जगभर गरिबीची खूण झाला. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव लोकांना कळलं 1978 साली. बेचाळीस वर्षं!

पुढच्या रविवारी मी त्या पोराबरोबर फोटोच्या प्रती घेऊन साइटवर गेलो. पाचांतले तिघे दुसऱ्या कामावर गेले होते. ती बाई भेटली. बिदर जिल्ह्यातल्या भालकीकडची निघाली, मराठी बोलली. फोटो बराच वेळ पाहून म्हणाली, ‘आधी सांगितलं असतं तर पदर नीट घेतला असता की.’

बैठकीतल्या आम्हा सगळ्यांपेक्षा नेमकी सूचना तिचीच होती. तिचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण छापू का, हे तिला विचारलेलं नाही. हौशी छायाचित्रकाराला मदत करायची असेल, तर काँट्रास्टवर येण्याआधी त्याला तीन प्रश्न विचारा : कुठे उभा होतास? विचारलं होतंस का? प्रत दिलीस का? उत्तरं नसतील, तर सुधारणा फोटोत करायची नाही, परत जाऊन करायची आहे.