यॉटलाही नंबर हवा, यॉटलाही वर्षाचा कर हवा

मुंबई, उरण, रेवस, मांडवा, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन इथल्या दर्यावर पोट असलेल्या बंधू-भगिनींनो,

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री दहा दहशतवादी रबरी होडीतून कफ परेडच्या मच्छीमार वसाहतीजवळ उतरले. वाटेत त्यांनी ‘कुबेर’ ही मासेमारी बोट पळवली होती आणि तिच्या तांडेलाला ठार मारलं होतं. म्हणजे पहिला बळी आपल्यातलाच होता. त्यानंतर नियम आले तेही आधी आपल्याच दारात. होडीवर लांबून वाचता येईल असा नंबर, ठरवून दिलेला रंग, खलाशांना बायोमेट्रिक ओळखपत्र, बंदरातून निघताना नोंद, परतताना नोंद. प्रश्न देशाच्या सुरक्षेचा होता, म्हणून आपण हे सगळं पाळलं. आजही पाळतो आणि पुढेही पाळू.

आमचं म्हणणं एवढंच की समुद्रावर मौजेसाठी उतरणाऱ्यालाही हीच शिस्त लागू झाली पाहिजे.

डोल लावणाऱ्याला विचारा. संध्याकाळच्या उजेडात एक स्पीडबोट जाळ्यावरून निघून जाते. पंख्यात दोर सापडतो, बोया तुटतो, जाळं ओहोटीबरोबर वाहून जातं. नुकसान हजारोंचं. पोलीस चौकीत पहिला प्रश्न येतो, बोटीचा नंबर काय? सांगणार काय? पांढरी होती, मागे दोन इंजिनं होती, वर गाणी वाजत होती. अशा वर्णनाच्या बोटी शनिवारी गेटवेसमोर रांगेने उभ्या असतात. तक्रार तिथेच संपते.

कायदा नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. खाडी आणि बंदराच्या आतल्या पाण्यात फिरणाऱ्या यांत्रिक बोटींसाठी 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे आणि त्यात नोंदणी सक्तीची आहे. खुल्या समुद्रासाठी 1958 चा व्यापारी नौवहन कायदा होता. किनाऱ्यालगत फिरणाऱ्या 15 टनांपर्यंतच्या जहाजांना त्यात नोंदणीतून सूट होती. 2025 साली संसदेने नवा कायदा केला. त्यात वजन कितीही असो, बोट इंजिनावर चालो की शिडावर, नोंदणीचं बंधन सगळ्यांना घातलं आहे. आता खरी लढाई नियम आणि अंमलबजावणी यांची आहे. मौजेच्या बोटींना वगळा, अशी मागणी करायला वजनदार माणसं दिल्लीत सहज पोचतात. आपला आवाज त्यांच्या आधी पोचला पाहिजे, म्हणून हे पत्रक.

हरिहरेश्वर आठवा. 18 ऑगस्ट 2022, दहीहंडीचा आदला दिवस. एक बेवारस यॉट किनाऱ्याला लागली आणि तिच्यात तीन एके-47 रायफली सापडल्या. जिल्हाभर नाकाबंदी झाली, लोकांच्या पोटात गोळा आला. पण त्याच दिवशी गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत खुलासा केला: बोट एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची, मस्कतहून युरोपकडे निघालेली, वाटेत इंजिन बंद पडल्याने खलाशांनी सोडून दिलेली. त्या बोटीला नाव होतं, कागद होते, मालक सापडत होता. म्हणून एका दिवसात गावकरी निर्धास्त झाले. तीच बोट बिननावाची असती तर किती दिवस आपल्या वस्त्या धुंडाळल्या गेल्या असत्या, हे 2008 नंतरचा काळ ज्याने पाहिला त्याला सांगायला नको.

आता कराचं. यॉट घेणारे म्हणतात, आम्ही आधीच भरपूर भरतो. 22 सप्टेंबर 2025 पासून यॉटवर 40 टक्के जीएसटी आहे, हे खरं. पण तो भरायचा एकदाच, खरेदीच्या वेळी. दोन खासगी माणसांनी जुनी बोट आपापसात विकली तर त्यावर जीएसटी नाही. मोटार घेणारा जीएसटी भरतो आणि वर आरटीओत वाहन करही भरतो. मग वर्षानुवर्षं बंदरातली जागा अडवणाऱ्या, धक्क्यावर माणसं चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या बोटीने त्या पाण्यासाठी वेगळा कर का देऊ नये?

खरेदीवरचा कर आणखी वाढवा असं आम्ही म्हणत नाही, आणि त्याला कारण आहे. अमेरिकेने 1991 पासून एक लाख डॉलरवरच्या बोटींच्या विक्रीवर 10 टक्के चैन कर लावला. श्रीमंतांनी बोटी घेणं थांबवलं, बोटी बांधणाऱ्या कारागिरांच्या नोकऱ्या गेल्या आणि 1993 मध्ये तो कर मागे घ्यावा लागला. इटलीने 2011 च्या अखेरीस दहा मीटरवरच्या बोटींवर दिवसाप्रमाणे कर जाहीर केला, सगळ्यात मोठ्या बोटीला दिवसाला 703 युरो. बोटी कॉर्सिकाला आणि क्रोएशियाला निघून गेल्या. हे दाखले आपले विरोधक देतील, म्हणून आम्हीच आधी देतो. कर माफक हवा, बोटीच्या लांबीवर हवा, वर्षातून एकदा हवा आणि सगळ्या किनारी राज्यांत हवा. मग कुठे पळणार? ज्याचा बंगला अलिबागला आहे त्याला शनिवार-रविवारचा मांडवा गोव्याला नेता येत नाही.

आणि हा पैसा कशाला हवा, तेही ऐका. लाकडी होडी मोडली तर तिच्या फळ्या, खिळे कामाला येतात. फायबरचा सांगाडा कुजत नाही. मालकाला नकोसा झाला की तो खाडीच्या गाळात रुततो, भरतीला बुडतो, ओहोटीला अर्धा वर येतो, आणि अंधारात परतणाऱ्या होडीचा तळ त्यावर घासतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने अशा बोटी उचलण्यासाठी 2002 साली योजना केली आणि तिच्यासाठी मौजेच्या बोटींच्या नोंदणी शुल्कावर अधिभार लावला. ज्याने मजा केली त्यानेच सफाईचा खर्च द्यायचा. यात अन्याय कुणावर होतो?

वल्ह्याच्या आणि छोट्या शिडाच्या होड्यांवर कर नको. पोरं दर्या शिकतात ती त्यांच्यावरच.

आपापल्या गावच्या ग्रामसभेत आणि मच्छीमार सोसायटीच्या सभेत पुढचा ठराव मांडा, सह्या घ्या, आणि प्रती जिल्हाधिकारी, महाराष्ट्र मेरीटाईम बोर्ड आणि आपल्या खासदारांना पोच घेऊन द्या:

“मौजेच्या प्रत्येक यांत्रिक बोटीच्या दोन्ही बाजूंना मासेमारी बोटीइतका ठळक नंबर असावा आणि तो कोणत्याही चौकीत तपासता यावा. सात मीटरपेक्षा लांब खासगी मौजेच्या बोटीवर लांबीनुसार वार्षिक कर असावा. तो पैसा ती बोट ज्या बंदरात उभी राहते तिथल्या धक्क्यावर, दिव्यांवर, गाळ आणि बेवारस बोटी काढण्यावर, तसंच तुटलेल्या जाळ्यांच्या भरपाईवर खर्च व्हावा आणि त्याचा हिशेब दरवर्षी बंदरातल्या फलकावर लागावा.”