कर्णाचे पूर्ण नाव काय?

आपल्या पोरांच्या मोबाईलवर अधूनमधून एक स्टेटस दिसते. कर्णाचे चित्र आणि खाली ‘जातीमुळे नाकारलेला महावीर’. भावना समजते. भाड्याची खोली बघायला गेल्यावर नाव सांगूनही ज्याला पुन्हा “पूर्ण नाव?” असे विचारले जाते, त्याला कर्ण जवळचा वाटणारच. पण ते महाभारतातले घराणे एकदा कागदावर मांडा, आणि मग ठरवा.

शंतनू कुरुकुळाचा राजा. त्याची राणी सत्यवती मासेमारांच्या प्रमुखाच्या घरी वाढलेली, नाव चालवणारी. लग्नाआधी पराशरापासून तिला झालेला मुलगा म्हणजे व्यास. शंतनूपासून झालेले चित्रांगद आणि विचित्रवीर्य निपुत्रिक मेले. भीष्म प्रतिज्ञेत अडकलेला. म्हणून सत्यवतीने व्यासालाच बोलावले. नियोगातून अंबिकेला धृतराष्ट्र, अंबालिकेला पंडू आणि दासीला विदुर झाला. पुढे पंडूची पाच मुलेही पंडूची नव्हेत, ती देवांची.

आता हिशेब करा. ज्या गादीसाठी अठरा दिवस रक्त सांडले, त्या शंतनूच्या रक्ताचा थेंबही कौरवांत नाही आणि पांडवांतही नाही. ते रक्त एकट्या भीष्मात. तरी कुळाचे नाव दोघांनाही मिळाले. विदुराचा बाप तोच व्यास. पण धृतराष्ट्र आंधळा म्हणून मागे राहिला आणि विदुर दासीपुत्र म्हणून. पुढे आंधळा गादीवर बसला, विदुर सल्ला देत उभाच राहिला. म्हणजे कुळ रक्ताने ठरत नाही. ज्यांच्या हाती सत्ता, ते ठरवतात.

रंगभूमीवर कर्ण अर्जुनाला आव्हान देतो, तेव्हा कृपाचार्य त्याला आई, बाप, कुळ विचारतात. कर्णाची मान खाली जाते. विचारणारे कृपाचार्य कोण? बोरूच्या बेटात सापडलेले आणि शंतनूने दया येऊन वाढवलेले पोर! कुळ विचारण्याचा अधिकार मिळाला की स्वतःचे कुळ कोणी विचारत नाही. आजच्या मुलाखतींतही हेच चालते.

मग कर्ण आपला का नाही? कारण कथा शेवटी सांगते की तो मुळात कुंतीचा, सूर्याचा मुलगा. जन्मतःच कवचकुंडले. म्हणजे अधिरथ आणि राधा या सूत जोडप्याच्या पोटी जन्मलेला मुलगा एवढा मोठा होऊ शकतो, हे कथेला मान्यच नाही. मोठेपण दिसले की त्याच्या मुळाशी उच्च जन्म शोधायचाच. सत्यवतीच्या बाबतीतही हेच केले. ती मुळात उपरिचर राजाची मुलगी, असे सांगून ठेवले.

हाच सापळा आज आपल्यासमोर आहे. काही तरुण आपले आडनाव अमुक राजघराण्याशी जुळते म्हणून वंशावळी शोधत बसतात. “आम्हीही मूळचे क्षत्रियच” असे म्हणणे म्हणजे कृपाचार्यांचा प्रश्न योग्य आहे, असे मान्य करणे. आपले भांडण उत्तराशी नाही, त्या प्रश्नाशीच आहे.

1916 च्या कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात बाबासाहेबांनी दाखवले की जातीचे मर्म जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे. आडनाव हे त्या कुंपणावरचे पहारेकरी. लग्नाच्या बाजारात पहिला प्रश्न आडनावाचा येतो, तो उगाच नाही. कुंपण तसेच ठेवून पहारेकरी बदलला, तर काय साधले? आडनाव बदलणाऱ्याला मी दोष देत नाही. खोली मिळवायची, नोकरी टिकवायची, हे जगण्याचे प्रश्न आहेत. पण ती वैयक्तिक सोय आहे, मुक्ती नव्हे.

बुद्धांनी दुसरा रस्ता दाखवला. नद्या समुद्राला मिळाल्या की त्यांची जुनी नावे उरत नाहीत. तसे चारही वर्णांतले लोक संघात येताना जुने नाव-गोत्र मागे ठेवतात. तिथे कोणाला सूर्यपुत्र ठरावे लागत नाही.

सकपाळ घराण्यातल्या भीमरावांचे ‘आंबेडकर’ हे नाव एका खेड्याच्या नावावरून आले. त्याला मोठेपण कुळाने दिले नाही, कामाने दिले. म्हणून पुढच्या वेळी कोणी “पूर्ण नाव?” विचारले, तर मान खाली घालू नका, आणि खोटे कुळही सांगू नका. विचारा, “कशासाठी हवंय?”

जय भीम.