चार बोटं अलीकडे

हिंजवडीजवळच्या माणला आमच्या घरी रविवारी सगळे जमतात. गेल्या रविवारी पंगत बसली आणि नववीतला नातू ताट घेऊन ओट्यापाशीच उभा राहिला. "ये की खाली," म्हटलं, तर म्हणाला, "आजी, मांडी घालून नाही बसता येत. दुखतं." वर्षभरात पोरगा वीतभर वाढलाय. सगळ्या घरात उंच, आणि घास मात्र उभ्याने गिळत होता. माझं जेवणात लक्ष लागेना.

हात धुतल्यावर त्याला भिंतीला तळवे टेकवून, पाय लांब करून बसवलं आणि अंगठे धरायला सांगितलं. खेलो इंडियाच्या शाळांमधल्या तंदुरुस्ती चाचणीत ५० आणि ६०० मीटर धावण्याबरोबर हीही एक चाचणी आहे, 'सिट अँड रीच'. त्याचा हात चार बोटं अलीकडे थांबला. मांडीच्या मागच्या शिरा ताणल्या, गुडघे उचलले गेले, हनुवटी पुढे आली. कंबर मात्र जागची हलली नाही. मग त्याची आई बसली. ती हिंजवडीला फेज तीनमध्ये दिवसभर संगणकापुढे असते. तिचाही हात तिथंच थांबला. तिची चाळिशी उलटलीय, हा पंधराचा.

त्याच्या शाळेत आता पिलाटेस सुरू होतंय. जोसेफ पिलाटेस हा १८८३ साली जन्मलेला जर्मन माणूस. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्याला आयल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत ठेवलं होतं, तिथं त्याने हे व्यायाम घडवले. तो त्यांना 'कंट्रोलॉजी' म्हणायचा, म्हणजे शरीरावरचा ताबा. त्यातले बरेच व्यायाम जमिनीवरचेच आहेत. उताणं निजायचं, श्वास सोडत एकेक मणका सुटा करत उठून बसायचं आणि तसंच, घाई न करता, परत टेकायचं. सतरंजी पुरते. या वयात हाडं आधी लांबतात, स्नायू मागून येतात, त्यात सहा-सात तास बाकावर. अशा पोरांना हे सावकाश ताणणं आणि पोटाचा आधार घेणं नक्की उपयोगी पडेल. माझा त्याला पूर्ण पाठिंबा आहे.

राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. हा वर्ग शाळा सुटल्यावर आहे आणि त्याची फी वेगळी. का? पीटीचा तास वेळापत्रकात आहे की! आठवड्याला दोन. नातवाला विचारलं, तर एक तास गणिताला जातो, 'पोर्शन राहिलाय' म्हणून. उरलेल्या तासात फुटबॉल खेळणारी दहा-बारा पोरं खेळतात, बाकीची कट्ट्यावर बसतात, मुली तर जवळजवळ सगळ्याच. दहावीत तोही तास बंद. ज्यांची फी भरणारं कुणी नाही, त्या पोरांच्या पाठीला कणा नसतो काय? साताऱ्याकडच्या औंध संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत आणि त्यांनी ते शाळाशाळांत नेले, सगळ्या मुलांसाठी. पिलाटेस आणा, सूर्यनमस्कार आणा, पण वेळापत्रकातल्या तासात आणा आणि वर्गातल्या शेवटच्या मुलापर्यंत आणा. आणि आकडे मोजत घाईने नको. "बारा झाले, चला" म्हणून उरकलेल्या नमस्कारात कंबर वाकतच नाही.

कंबर म्हटली की मला आमची आवणी आठवते. आता जिथे टॉवर उभे आहेत, तिथे आमची भातखाचरं होती. पहिल्या वर्षी मी चिखलात उतरले तेव्हा आईने माझ्या पाठीवर उलटा हात ठेवला आणि म्हणाली, "पाठ नको मोडू, कंबरेतनं वाक." तिची पाठ पाटासारखी सपाट असायची, गुडघे किंचित सैल, डाव्या हातात रोपांची जुडी आणि उजव्या हाताची बोटं चिखलात. ओळ संपेपर्यंत बाया उभ्या राहत नसत. चूल, जातं, सारवण, जेवण, सगळं जमिनीलगत. त्या कष्टांचं मला कौतुक सांगायचं नाही. आईचे गुडघे त्यातच गेले. पण कंबरेतून वाकणं तिला कुणी तासाला बसवून शिकवलं नव्हतं, ते तिच्या दिवसातच होतं. नातवाच्या दिवसात ते कुठेच नाही. बस, बाक, क्लासची खुर्ची, घरी सोफा. म्हणून त्याच्यासाठी तास लागतो.

सोमवारी मी जुनी गोधडी चार पदरी घडी करून त्याच्या बुडाखाली दिली. बैठक उंचावली की कंबर पुढे कलते आणि मांडीचा ताण कमी होतो. पहिल्या दिवशी दोन मिनिटांत उठला. बुधवारी वरणभात संपेपर्यंत बसला. काल एक घडी मी काढून घेतली. तो आमटी भुरकत होता, त्याच्या लक्षातही आलं नाही.