हाताची मजुरी आणि कुलपाचं भाडं

"बाहेर बोनेट उघडलं की गाडी गेलीच म्हणून समजा." हे वाक्य मी एकाच आठवड्यात दोनदा ऐकलं. पहिल्यांदा पुण्यातल्या एका सर्व्हिस सेंटरच्या ॲडव्हायझरकडून, भाच्याच्या मोबाइलच्या स्पीकरवर. दुसऱ्यांदा मेढ्याच्या बाजारपेठेत चहा पिताना खुद्द भाच्याच्या तोंडून, जणू ते त्याचंच मत असावं अशा थाटात. शेजारच्या बाकावरून तात्यांनी लगेच टोला हाणला, "शोरूम म्हंजे दरोडा हाय दरोडा. आपला फिटर पाचशे रुपयांत करून देतोय." या दोन वाक्यांवर आमच्या जावळीतल्या गाड्यांचा सगळा कारभार चालतो, आणि माझ्या मते दोन्ही खोटी आहेत. पहिलं महागात पडतं, म्हणून आधी त्याचा समाचार.

भाच्याची गाडी कशी आली ते सांगायला हवं. जावळीतला माणूस पोटासाठी मुंबईला गेला, माथाडीत पाठीवर पोती वाहिली. त्याच्या पुढच्या पिढीनं नवी मुंबईत टेम्पो घेतले, टेम्पोचे ट्रक झाले. भाचा त्या पिढीचा. त्यानं अकरा वर्षं चाललेली एक जर्मन सेडान नऊ लाखांत घेतली. नवी होती तेव्हा ती साठ लाखांच्या घरात होती. यात्रेला गावी आणली, पोरांनी फोटो काढले, म्हाताऱ्यांनी सीटवर हात फिरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर पुढची डावी बाजू बसलेली, चिखलात पाय रुतलेल्या म्हशीसारखी. एअर सस्पेन्शनचा बलून फुटला होता. टोइंगवाल्यानं कुडाळ-पाचवडमार्गे हायवे गाठून गाडी सव्वाशे किलोमीटरवर पुण्याला नेली. तिथून एस्टिमेट आलं : पुढचे दोन्ही स्ट्रट, मजुरी, कर धरून पावणेतीन लाख.

"नऊ लाखांच्या गाडीला पावणेतीन लाख?" भाचा ओरडला. इथेच त्याचा हिशेब चुकत होता, आणि त्यात शोरूमचा काडीचाही दोष नव्हता. त्याच्या लेखी गाडी नऊ लाखांची होती. तिच्या सुट्या भागांच्या लेखी ती अजून साठ लाखांचीच होती. गाडीची किंमत दरवर्षी उतरते. तिच्या बलूनची, हेडलाइटची, गिअरबॉक्सची उतरत नाही, उलट चढते. नव्या स्विफ्टच्या पैशात जुनी जर्मन गाडी घेणारा गाडी स्विफ्टच्या भावात घेतो, पण दुरुस्ती मात्र साठ लाखांच्या भावात विकत घेतो. ही गोष्ट विकणारा सांगत नाही आणि घेणाऱ्याला ऐकायची नसते.

आता शोरूमच्या बाजूचा पूर्वपक्ष. त्यांचं म्हणणं असं की भाग 'ओरिजिनल' फक्त आमच्याकडे, शिकलेले हात फक्त आमच्याकडे, आणि बाहेर गेलात तर वॉरंटी संपली. हे ऐकायला भक्कम वाटतं, कारण प्रत्येकात चार आणे खरं आहे. पण उरलेल्या बारा आण्यांचे पैसे आपण भरतो.

'ओरिजिनल' म्हणजे काय? गाडीवर ज्या कंपनीचं चिन्ह असतं ती कंपनी गाडीतले बहुतेक भाग स्वतः बनवत नाही. इंजेक्टर आणि सेन्सर बॉशचे, फिल्टर मान किंवा माले यांचे, गिअरबॉक्स अनेकदा झेडएफचा, शॉक ॲब्सॉर्बर सॅक्स किंवा बिलस्टाइनचे, ब्रेक एटीई नाहीतर ब्रेम्बोचे. हेच कारखाने तोच किंवा त्याच तोडीचा माल स्वतःच्या नावाच्या खोक्यातही विकतात. एका खोक्यावर गाडीचं चिन्ह असतं, दुसऱ्यावर नसतं. कधी कधी तर दुसऱ्या खोक्यातल्या भागावरून गाडीच्या कंपनीचं चिन्ह घासून काढल्याची खूणही हाताला लागते. तेव्हा 'ओरिजिनल' विरुद्ध 'डुप्लिकेट' अशी दोनच घरं नाहीत. मधे एक मोठं तिसरं घर आहे. ॲडव्हायझर त्याचं नाव काढत नाही आणि तात्यांना ते ठाऊकच नाही.

हात कुणाचे, हेही बघा. काचेच्या केबिनमधला टाय लावलेला माणूस गाडीला हात लावत नाही. हात लावतो आयटीआय झालेला पोरगा. तो साताऱ्या-सांगलीचाही असू शकतो. त्याला कंपनी प्रशिक्षण देते, हे खरंच. पण त्याला शिकवलं जातं ते मुख्यतः बदलणं. बूश गेला की अख्खा आर्म बदल, एक सर्किट गेलं की अख्खं मॉड्यूल बदल. यात नुसती लबाडी नाही, हे मान्य करतो : नवा भाग बसवला की त्याची हमी देता येते, दुरुस्त केलेल्याची कोण देणार? पण ती हमी कंपनीच्या सोयीची असते, बिल आपलं असतं.

आणि कंपनीचा शब्द म्हणजे गाडीच्या हिताचाच शब्द, असंही नाही. काही जर्मन गाड्यांच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल 'आयुष्यभरासाठी' आहे, बदलायची गरज नाही, असं गाडीची कंपनी सांगते. तोच गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदला म्हणते. मग आयुष्य म्हणजे कुणाचं? वॉरंटीचं की गाडीचं? पहिल्या मालकाला स्वस्त सर्व्हिस दाखवायची, आणि गिअरबॉक्स तिसऱ्या मालकाच्या गळ्यात घालायचा. तो तिसरा मालक म्हणजे आमचा भाचा.

राहिली वॉरंटीची धमकी. हिच्याबद्दल कायद्याच्या दारात निवाडा झालेला आहे. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला. त्यात मारुती, टाटा, महिंद्रा होत्या, तशाच मर्सिडीज-बेंझ, बीएमडब्ल्यू, स्कोडा, फोक्सवॅगनही होत्या. आयोगाचा ठपका असा : सुटे भाग खुल्या बाजारात येऊ दिले जात नाहीत, दोष शोधायची यंत्रं आणि माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळत नाही, आणि बाहेर दुरुस्ती केली म्हणून वॉरंटी रद्द करण्याची भीती घातली जाते. आयोगानं भाग आणि माहिती खुली करायचा आदेश दिला. प्रकरण अपिलात गेलं. २०१६ मध्ये न्यायाधिकरणानं तीन कंपन्यांच्या दंडाची रक्कम खाली आणली, पण दोष कायम ठेवला. अमेरिकेत तर १९७५ च्या कायद्यानं, आमचाच भाग आणि आमचीच सर्व्हिस घ्या नाहीतर वॉरंटी नाही, अशी अट घालायलाच बंदी केली आहे. आपल्या केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या नावाचं पोर्टल काढलं, त्यात मोटारींचाही समावेश आहे. पोर्टल काढणं आणि हक्क मिळणं यांत मेढा-पुण्याइतकं अंतर आहे, ते सोडा.

म्हणून माझं म्हणणं : शोरूमच्या बिलात दोन गोष्टींचे पैसे असतात. एक हाताची मजुरी. ती द्यायलाच हवी. दुसरं कुलपाचं भाडं, म्हणजे माहिती, सॉफ्टवेअर, भागाचा नंबर, कोडिंग हे सगळं कुलपात ठेवल्याबद्दलचं. गंमत अशी की मर्सिडीज १९९५ पासून आपल्या पुणे जिल्ह्यातच जोडली जाते, आधी पिंपरीत आणि २००९ पासून चाकणला. चाकण मेढ्याहून जेमतेम दीडशे किलोमीटर. तरी तिच्या संगणकाची किल्ली जर्मनीतल्या सर्व्हरवर!

इथवर वाचून तात्यांनी मांडी थोपटली असेल. तर आता तात्या.

तात्यांचा फिटर चांगला माणूस आहे. जीप, पिकअप, ट्रॅक्टर त्याच्या हाताखालून हजारांनी गेलेत. पण त्याच्या गुणांवर भाळून त्याच्यापुढे कुठलीही गाडी उभी करणं म्हणजे हाडवैद्याकडून डोळ्याचं ऑपरेशन करून घेणं. असल्या गाडीत नवी बॅटरी टाकली तर ती संगणकात नोंदवावी लागते. नाहीतर चार्जिंगचं गणित जुन्याच बॅटरीचं चालू राहतं आणि नवी लवकर मरते. मागचे ब्रेक पॅड बदलायचे तर हँडब्रेक इलेक्ट्रिक असतो. त्याला स्कॅनरनं सर्व्हिस मोडमध्ये न घालता पिस्टन क्लॅम्पनं दाबला की मोटर तुटते. तेलाच्या डब्यावर नुसतं ५डब्ल्यू-३० असून भागत नाही, एमबी २२९.५ किंवा फोक्सवॅगन ५०४/५०७ अशी त्या त्या कंपनीची मान्यता छापलेली असावी लागते. "तेल ते तेल" म्हणणाऱ्या एका गॅरेजवाल्यानं माझ्याच जुन्या डिझेल गाडीत स्वस्त तेल ओतलं होतं. टर्बो गेला तेव्हा त्यानं मला विचारलं, "सर, घाटात लई पळवता का?" मी रागानं काही बोललो नाही, कारण माझ्याकडे बिलच नव्हतं.

घाटावरून ब्रेकची गोष्ट निघते, आणि तिच्यावर जरा थांबतो, कारण आमच्याकडे ती जीवाशी येते. महाबळेश्वरहून केळघर घाट उतरून मेढ्याला येताना ब्रेक तापत राहतात. ब्रेकचं ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि वर्षाला पाच हजार मिलिमीटरवर पाऊस पाडणाऱ्या डोंगराच्या पायथ्याशी दमट हवेला काय तोटा? नवं डॉट ४ ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर तोच आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला टेकतं. म्हणून ते साधारण दर दोन वर्षांनी बदलायचं. एवढं साधं, स्वस्त काम. शोरूमवाला सांगतो तेव्हा आपल्याला लूट वाटते आणि तात्यांचा फिटर सांगतच नाही, कारण कुणी विचारत नाही. शोरूम इथे बरोबर आहे. महाग असलं तरी बरोबर.

मग जायचं कुठे? उत्तर आमच्या गावातच उभं आहे आणि आम्ही रोज त्याच्यासमोरून जातो : मेढ्याचं एसटी आगार. एसटी १९४८ पासून चालते. तिची गाडी बिघडली म्हणून चेसिस बनवणाऱ्या कंपनीच्या शोरूमला जाते का? नाही. आगारात स्वतःचे मेकॅनिक आहेत, त्यावर विभागीय कार्यशाळा, त्यावर दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळा. एसटीच्या बाकीच्या हालांबद्दल लिहायला बसलो तर दुसरा लेख होईल. पण या गाड्या घाटात लाखो किलोमीटर चालल्या त्या कंपनीच्या शिक्क्यामुळे नव्हे, आणि एखाद्या जादूगार फिटरच्या भरवशावरही नव्हे. कुठल्या गाडीचं कुठलं काम कधी झालं, कुठला भाग स्टोअरमधून निघाला, कुणाची सही आहे, हे लिहिलेलं असतं. शोरूमकडून आपण खरोखर काही विकत घेण्यासारखं असेल तर ते हे लिहिलेपण आहे. ते बाहेरही मिळू शकतं. पण मागावं लागतं.

कुठं जायचं हे घर बघून ठरवायचं नाही, काम बघून ठरवायचं. वॉरंटी चालू आहे तोवर शोरूमच. तिथं तत्त्वासाठी भांडण्यात अर्थ नाही. किल्लीचं कोडिंग, एअरबॅग, कंपनीनं मोफत परत मागवलेला भाग, विम्याचा कॅशलेस दावा, हेही तिथंच. बाकी सगळं, म्हणजे तेल, फिल्टर, ब्रेक, सस्पेन्शन, एसी, हे शोरूममध्ये आठ-दहा वर्षं काढून स्वतःचं गॅरेज टाकलेल्या कारागिराकडे. पुण्या-कोल्हापुरात असे पुष्कळ आहेत. अट एकच : भागाच्या नंबरासकट पक्कं बिल. बहुतेक सुट्या भागांवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा "बिल नको, कर वाचतो" हा तात्यांचा युक्तिवादही आता अर्धामुर्धाच उरलाय. आणि ज्याला एवढी उठाठेव नको त्यानं जुनी जर्मन गाडी घेऊच नये. यात कमीपणा नाही. आमच्या रस्त्यांना आणि स्वभावाला बोलेरो बरी.

भाच्यानं गाडी शोरूममधून बाहेर काढली. तपासणीचे आणि टोइंगचे पैसे गेले ते गेले. पुण्यातच एका अशा कारागिराकडे, मूळ पुरवठादाराच्या खोक्यातले दोन स्ट्रट घालून, एक लाख दहा हजारांत काम झालं. बिल आहे, नंबर आहेत, जुने भाग डिकीत घालून आणलेत.

याला आता दोन वर्षं होत आली. गाडी विकायला काढलीय. कराडचं एक गिऱ्हाईक आलं, गाडी आवडली, पण पन्नास हजार पाडून मागतंय. कारण फाइलीत शोरूमचा शिक्का नाही. भाचा म्हणतो, "बोला मामा आता." मी त्याला विचारलं, गिऱ्हाईक गाडी चालवून कुठं बघणार आहे? म्हणाला, महाबळेश्वरपर्यंत जाऊन येतो म्हणतंय. मी म्हटलं, मग आधी ब्रेकचं ऑइल बदलून घे.